तीन बहिरे पालक

वजनकाकांचं स्वतःचं वजन एकावन्न किलो. नवखा माणूस आधी नाव ऐकतो, मग त्यांच्याकडे बघतो आणि हमखास हसतो. पण हे नाव पडलं ते त्यांच्या कामावरून. टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीमागे त्यांनी पस्तीस वर्षं काढली. समोरून पार्सल आलं की आधी दोन्ही हातांनी उचलायचं, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "दोन किलो तीनशे." मग ते काट्यावर ठेवायचं. काटा दोन किलो दोनशे ऐंशी दाखवायचा. पन्नास ग्रॅमच्या वर ते कधी चुकले नाहीत. एकदाच ऐंशी ग्रॅमनी चुकले, तर त्या दिवशी आपल्याला ताप होता असं ते अजूनही सांगतात. रांगेतली माणसं तोंडात बोटं घालायची.

निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी हात तसाच राहिला. इमारतीत कुणाकडे बाळ झालं की दवाखान्यातून आल्या आल्या ते वजनकाकांच्या हातात दिलं जायचं. काका डोळे मिटायचे, आकडा सांगायचे, आणि बाळाचा बाप खिशातून दवाखान्याचा कागद काढून पडताळून बघायचा. अशा वेळी काकांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. जगात ज्याचं वजन करता येतं त्याच्यावरच भरवसा ठेवावा, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणी न विचारता सांगत.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंचा वजनावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळी भाजी एकाच मापाने मोजली जायची, ते म्हणजे जाड चिनी मातीचा एक थोराड कप. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काकांच्या हातून त्याचा कान तुटला. तेव्हा काका दोन दिवस बायकोशी इतकं गोड बोलले की तिसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच विचारलं, "काय फोडलंत?" बिनकानाच्या त्या कपात चहा पिणं अवघड, म्हणून काकूंनी तो भाजी मोजायला घेतला. पुढे लेक चार-पाच वर्षांची झाल्यावर तिने त्याचं नाव ठेवलं बहिरा, कारण त्याला कान नाही. तेव्हापासून त्या घरात 'दोन बहिरे गाजर' आणि 'दीड बहिरा फरसबी' अशीच भाषा. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळत नसे आणि घरच्यांचं त्यावाचून काही अडत नसे.

काकूंचं भाज्यांचं सूप सगळ्या इमारतीत नावाजलेलं. घट्ट, हिरवट-केशरी, वर लोण्याचा तुकडा. त्याचा हिशोब असा: दोन बहिरे गाजर, एक बटाटा, एक वाटाणे, एक कांदा आणि तीन बहिरे पालक, तोही दाबून. एकूण आठ. वर्षानुवर्षं या आठांत बदल झाला नव्हता.

मग काकूंचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं तिथेच नेमका काळा डाग. दार दिसायचं, दारात उभ्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा फार बिघडेल असं नाही, पण गेलं ते परत यायचं नाही. काकू घरी येऊन म्हणाल्या, "बरं झालं, तुमचं म्हातारपण बघायला लागणार नाही." काका हसले आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

काकू तशाही स्वयंपाक करत राहिल्या. पण एक दिवस भांडं उतरवायच्या फडक्याचं टोक बर्नरला लागलं आणि भडकलं. काकांनी ते नळाखाली फेकलं. काकूंच्या मनगटाला चटका बसला, बाकी निभावलं. मात्र लेकीला हे कळलं आणि ती दुसऱ्याच दिवशी बस पकडून हजर झाली.

लेक दुसऱ्या गावी शिकवायची. तिचं घर दोन खोल्यांचं. ती येऊन ओरडली नाही की रडली नाही, फक्त आईच्या मनगटावरची पट्टी सोडून जखम नीट बघितली आणि परत बांधली. मग बापाला गॅलरीत घेऊन गेली.

"बाबा, आईने आता गॅसजवळ जायचं नाही."

"नाही जाणार. मी बघतो सगळं."

"तुम्हाला चहासुद्धा धड येत नाही."

"शिकेन."

"दोन महिने देते. आई नीट जेवत असली, तर मी काही बोलणार नाही. नाहीतर तिला माझ्याकडे घेऊन जाईन. एक पलंग मावेल एवढी जागा आहे माझ्याकडे. तुम्ही मधूनमधून येत जा."

एक पलंग. काकांनी मान हलवली. चाळीस वर्षं जिच्याशी भांडल्याशिवाय दिवस मावळला नाही, तिला भेटायला आता बसचं तिकीट काढून जायचं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

पहिल्या महिन्यात काकांनी केलेल्या स्वयंपाकाबद्दल न बोललेलंच बरं. भात खाली करपलेला आणि वर कच्चा. उकडलेली अंडी मात्र उत्तम, कारण त्यात घड्याळ बघण्यापलीकडे काही करायचं नसतं. काकू कधी नावं ठेवत नसत. दोन घास खाऊन "पोट भरलं" म्हणायच्या आणि पाणी प्यायच्या.

रोज संध्याकाळी दोघं खाली चकरा मारायला जात. परत येताना जिना चढायचा म्हणून काकू त्यांच्या दंडाला धरत. दोन मजले, चौतीस पायऱ्या. आता ज्या माणसाने पस्तीस वर्षं हाताने पार्सलं जोखली, त्याच्या दंडावर रोज तोच हात पडला तर त्याला काय कळणार नाही? तो हात दिवसेंदिवस हलका होत चालला होता. काकांनी कधी तोंडाने आकडा काढला नाही, पण मनात रोज नोंद व्हायची. चार किलोंनी उतरली होती बायको.

लेक यायला आठ दिवस उरले तेव्हा काकांनी मनावर घेतलं. काकूंचं सूप करायचं, अगदी तिच्या चवीचं. लेक आली की तिच्यासमोर आई दोन बाऊल संपवेल आणि विषय मिटेल. अडचण एकच होती. सूप बहिऱ्याने मोजायचं, आणि कपाने मोजणं म्हणजे काकांच्या लेखी सगळा अंदाजपंचे कारभार. गाजर जाड चिरलं तर कपात कमी मावतं, बारीक चिरलं तर जास्त. पालक कुणी दाबायचा, किती दाबायचा? ग्रॅम कसा, दाबा की फुगवा, बदलत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की काकूंकडून एकदा सगळं बहिऱ्याने मोजून घ्यायचं, प्रत्येक कपाचं वजन करायचं आणि वहीत उतरवायचं. एकदा आकडे हाती आले की चुकायची सोयच नाही.

त्यासाठी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला. काकूंना टेबलाशी बसवलं. काकांनी चिरायचं, काकूंनी बोटांनी चाचपून "अजून बारीक" म्हणायचं, मग कप भरायचा, तळहाताने सपाट करायचा आणि पुढे सरकवायचा. काका तो आधी हातात घेऊन डोळे मिटायचे, मग काट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे.

"किती भरलं गाजर?" काकूंनी विचारलं.

"आकड्यांची काळजी तू करू नकोस. तू फक्त भर."

"बरं, भरते."

वहीत नोंदी झाल्या. गाजर चारशे बेचाळीस. बटाटा चारशे बासष्ट. वाटाणे चारशे सत्तावन्न. कांदा चारशे बहात्तर. पालक दाबून तीनशे बहात्तर. पालकाच्या आकड्यावर काका जरा थबकले. एवढासा पाला, पण गाजरापेक्षा सत्तरच ग्रॅम कमी! आयुष्यभर आपण पालकाला उगाच हलकं समजत आलो, असं त्यांना वाटलं. पण काटा सांगतोय, हातालाही तेवढंच लागतंय, म्हटल्यावर शंका कसली? त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

नोंदी संपल्यावर त्यांनी बहिरा धुतला, पुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या बरण्यांच्या मागे ठेवून दिला. त्याचं काम संपलं होतं. शिवाय जड चिनी माती, काकूंना दिसत नाही, धक्का लागून पडला तर पायाला लागेल. हा विचार चांगलाच होता. फक्त तो त्यांनी काकूंना सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ओट्याजवळ आल्या. त्यांचा हात भिंतीकडेने फळीवर गेला, कपाच्या जागी थांबला, जरा इकडे-तिकडे फिरला आणि परत आला. काका दारातून बघत होते. काकू काही विचारतील असं त्यांना वाटलं. काकूंनी हात पदराला पुसला आणि बाहेर जाऊन बसल्या.

लेक रविवारी यायची होती, त्या धास्तीने त्या आठवड्यात काका बायकोशी फारच गोड वागले. चहा हातात नेऊन दिला, उशी पाठीमागे ठेवली, दोनदा तर "तू म्हणशील तसं" असंही म्हणाले. सूप करून बघायची तालीम त्यांनी एकदाही केली नाही. आकडे असताना तालीम कसली?

शनिवारी ते वही घेऊन भाजीवालीकडे गेले. तिने पालकाच्या जुड्या तोलल्या, अजून तोलल्या, आणि पिशवी भरून वाहायला लागल्यावर हात थांबवला.

"काका, जेवायला कोण येणार आहे? घोडा?"

"लेक येणार आहे."

"एकटी?"

"तू तोल. मापात आहे सगळं."

वाटाण्याच्या शेंगा काकूंनी सोलल्या, त्याला डोळे लागत नाहीत. सोलता सोलता वाडगं भरलं, दुसरं भरलं. काकूंनी दाण्यांत हात घातला.

"अहो, हे कपभर नाहीत हं."

"कपाचं आता विसर. ग्रॅममध्ये बरोबर आहेत."

काकू मग हळूच "विसरले" म्हणाल्या आणि उरलेल्या शेंगा ओढून घेतल्या.

रविवारी नऊ वाजता लेक आली. हातात चाकांची मोठी निळी बॅग. "द्या इकडे," म्हणत काकांनी ती उंबऱ्यावरून आत घेतली, आणि हातात घेतल्याबरोबर त्यांना समजलं. तीन किलो सहाशे. एवढ्या मोठ्या बॅगेचं स्वतःचंच तेवढं वजन असतं. बॅग रिकामी होती.

दोन दिवसांसाठी येणारी मुलगी आपले कपडे खांद्याच्या पिशवीत आणते आणि सोबत भली मोठी रिकामी बॅग आणते, ती कशासाठी, हे समजायला काकांना काटा लागला नाही. त्यांनी बॅग आतल्या खोलीत कपाटाजवळ ठेवली. ते काकूंचं कपाट होतं.

लेकीने आईला मिठी मारली, तिची पाठ चाचपली, आणि बापाकडे एकदाच बघितलं. रात्रभर बसमध्ये झोप नव्हती, म्हणून अंघोळ करून ती जरा आडवी झाली आणि लगेच झोपली. काका स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

चिरणं तर पहाटेपासून चाललं होतं. सोललेलं, चिरलेलं गाजर आठशे चौऱ्याऐंशी ग्रॅम, दोन पातेल्यांत. कांद्याने रडून डोळे सुजलेले. परातीत धुतलेला, चिरलेला पालक, एक किलो एकशे सोळा, आणि त्याचा ढीग परातीबाहेर ओट्यावर. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काकांनी काढलं. त्यात नुसता पालकच दाबून बसवला तर काठाला आला. गाजरं कुठे घालायची? त्यांनी पालक काढला, गाजर घातलं, बटाटा घातला, वाटाणे घातले. मग वर पालक रचला. झाकण ठेवलं. झाकण वर उचललं गेलं आणि पातेल्यावर टोपी घातल्यासारखं तिरकं बसलं. काकांनी वही उघडली. आकडे बरोबर होते. त्यांनी बेरीज परत केली. तीन किलो तीनशे एक्क्याण्णव. आकडे बरोबर असताना सगळं चुकावं, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

"काय चाललंय?" काकू भिंतीला हात लावत आत आल्या.

"काही नाही. तू बाहेर बस."

काकू ओट्याशी आल्या. हात पुढे केला तो थेट पालकात गेला. कोपरापर्यंत गेला तरी तळ लागेना.

"अहो! हे काय आहे?"

"तीन बहिरे पालक."

"हे?"

"तुझ्याच मापाने आहे. एकेक कप तोललाय मी."

काकूंनी हात बाहेर काढला. कोपराला पानं चिकटलेली. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मी रागावणार नाही. बहिरा फुटला ना?"

"फुटला? छे! वर आहे फळीवर."

"फुटला नाही?"

"नाही गं. मीच ठेवलाय वर. तुझ्या पायावर पडू नये म्हणून."

काकूंनी ओट्याला धरलं. "आठ दिवस मला वाटतंय तुम्ही तो फोडलात. केवढं गोड बोलत होतात! म्हटलं, मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसाल. म्हणून मीही विचारलं नाही. एक दिवस तर रडलेसुद्धा. म्हटलं, डोळे गेले, गॅस गेला, आता तोही गेला."

चूक एवढीच की एक कप वर ठेवला, पण त्या क्षणी काकांना आपली फार लाज वाटली. ते स्टुलावर चढले, बरण्या सरकवल्या आणि बहिरा काढून बायकोच्या हातात दिला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं तुला."

काकूंनी कप दोन्ही हातांत फिरवला, तुटक्या कानाच्या खुंटांवरून अंगठा फिरवला. मग पालकाच्या ढिगातून मुठी उचलून कप भरला, तळहाताने दाबला, काठाशी बोट लावून बघितलं आणि पुढे केला.

"लावा तुमच्या काट्यावर."

"तीनशे बहात्तर," काका म्हणाले. "तेव्हाही एवढाच भरला होता."

काकूंनी काट्यावरून कप उचलला, पालक ओट्यावर उपडा केला आणि रिकामा कप परत काट्यावर चाचपून ठेवला.

"आता किती?"

काका आकड्याकडे बघत राहिले. तीनशे बारा.

"अहो, किती?"

"तीनशे बारा."

"म्हणजे पालक किती?"

"साठ," काका म्हणाले. "साठ ग्रॅम."

मग काकू म्हणाल्या, "तुम्ही कप धरून तोललंत?"

"पार्सल वेष्टणासकट तोलायचं असतं," काका म्हणाले. "खोका, कागद, सुतळी, सगळं धरून. तसाच नियम आहे. पस्तीस वर्षं..." आणि पुढे त्यांना बोलवेना, कारण काकूंना हसू फुटलं होतं.

काकू आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग ओट्यावर वाकून हसल्या, मग खाली बसूनच हसल्या. "मी सूप पाठवत नाहीये हो कुणाला! वेष्टणासकट! हिशोबात आठ वेळा बहिरा धरलात!" दोन महिन्यांत त्या असं हसल्या नव्हत्या. काका आधी जरा ताठले. एवढ्या मोठ्या हुशारीचं असं मातेरं झालं की माणूस ताठतोच. मग त्यांनी मनातल्या मनात आठ गुणिले तीनशे बारा केलं, दोन किलो चारशे शहाण्णव ग्रॅम बहिरा आपण आज बारीक चिरून ठेवलाय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेही मटकन खाली बसले.

"पहाटे पाचला उठून चिरतोय गं मी," ते डोळे पुसत म्हणाले.

"वाटलंच. खटखट ऐकत होते. म्हटलं, सुतार आलाय की काय."

मग दोघं उठले. पातेलं उपडं केलं, भाज्या वेगवेगळ्या केल्या. काकूंनी बहिरा हातात घेतला आणि एकेक कप मोजायला लागल्या. डाव्या हाताची तर्जनी काठावर, भाजी बोटाला लागली की पुरे. त्यांना बघायची गरजच पडत नव्हती. काकांच्या ध्यानात आलं की बायकोला हे सगळे दिवस फक्त हा कप हवा होता. काठ बोटाला कळतो. काट्यावरचा आकडा कळायला डोळे लागतात. सगळं स्वयंपाकघर आपण ग्रॅममध्ये नेलं आणि तिला बाहेर बसवलं, हे त्यांना आत कुठेतरी टोचलं.

"गॅसला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तो माझ्याकडे."

"बरं. आणि मिठाला तुम्ही हात लावायचा नाही."

लेक हसण्याच्या आवाजाने जागी झाली होती. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा आई शेगडीपासून हातभर अंतरावर होती आणि पातेल्यातून वाफ येत होती. लेकीने पुढे होण्यासाठी पाऊल उचललं. मग तिला दिसलं की बापाचा एक हात गॅसच्या बटणावर आहे आणि दुसरा आईच्या कोपराखाली. आई कप पुढे करायची, बाबा म्हणायचे "जरा डावीकडे, हां, सोड," आणि पालक बरोबर पातेल्यात पडायचा. लेक चौकटीला टेकून उभी राहिली. तिला बहिरा ओळखू आला.

सगळी जेवायला बसली. सूप तसंच झालं होतं, घट्ट, हिरवट-केशरी. काकूंनी पहिला बाऊल संपवला आणि पुढे केला. काकांनी मुद्दाम लेकीकडे बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मायलेकी आतल्या खोलीत गेल्या आणि दार बंद झालं. काका भांडी घासायला बसले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा कपाट उघडल्याचा आवाज आला. काकांच्या हातातला चमचा थांबला. मग लेक स्वयंपाकघरात येऊन, त्यांच्याकडे पाठ करून, ओट्यावरून काहीबाही उचलून गेली. परत दार बंद. काकांनी तेच पातेलं तीनदा घासलं.

ती खरं तर दोन दिवस राहायची होती. पण शाळेतून निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी निघायचं ठरलं. निघताना ती म्हणाली, "बाबा, बॅग खाली घ्याल? जड झालीये."

निळी बॅग दाराशी उभी होती, पोट फुगलेली. काकू चप्पल घालून तयार होत्या. खाली सोडायला येत होत्या की लेकीबरोबर निघाल्या होत्या, ते काकांना विचारवेना. त्यांनी बॅगेच्या मुठीला हात घातला. उचलायचं धाडस होईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या वस्तूचं वजन कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी डोळे मिटले आणि उचलली.

साडेसहा किलो.

बायकोचे कपडे, शाल, चपला, औषधं, उशी... कितीही कमी धरलं तरी दहाच्या खाली काही जात नव्हतं. शिवाय आत काहीतरी घसरलं आणि खडखडलं. कपडे खडखडत नाहीत.

"काय भरलंयस यात?" त्यांनी विचारलं.

"भाजी," लेक म्हणाली. "आईने सगळे डबे भरून दिलेत. गाजर, कांदा, वाटाणे. आणि एवढा चिरलेला पालक तुम्ही दोघं काय करणार होतात? आमच्या शाळेतल्या सगळ्यांना सूप पाजते आता. कपाट कशाला उघडलं होतं माहितीये? पालक गुंडाळायला जुनी चादर हवी होती."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"म्हणजे आई..."

"आईने काल दोनदा वाढून घेतलं. रात्री परत अर्धा बाऊल. मोजत होते मी," लेक म्हणाली. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, मला भीती वाटली होती हो. बाकी काही नाही. पुढच्या वेळी बॅग घरीच ठेवून येईन. तुमची ती वही मात्र मला हवी. माझ्याकडे कुठे बहिरा आहे?"

काकांनी वही आणून दिली. प्रत्येक आकड्यातून त्यांनी रात्रीच तीनशे बारा वजा करून ठेवले होते. गाजर एकशे तीस, बटाटा एकशे पन्नास, वाटाणे एकशे पंचेचाळीस, कांदा एकशे साठ, पालक दाबून साठ.

बस गेली. दोघं परत आले आणि जिन्याशी काकूंनी नेहमीसारखा त्यांचा दंड धरला. चौतीस पायऱ्या. पहिल्या वळणावर काका थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

"काय झालं? दमलात?"

"नाही. जरा भरलीयेस कालपासून. दोनशे-अडीचशे ग्रॅम तरी."

काकूंनी दंडावरचा हात अजून घट्ट केला.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या. "वेष्टणासकट?"